टाचेचा खड्डा

मी कॅन्सरच्या दवाखान्यातल्या किरणखोलीतली एक गादी बोलतेय, आणि जरा घाईत बोलतेय. घाई कशाची ते शेवटी कळेल.

आमच्या धाकट्या डॉक्टरीणबाई लांबून शिकून परत आल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं की इथे सगळ्यात मोठी अडचण जुन्या मशीनची असेल. मशीन ठणठणीत निघालं. अडचण निघाली ती एका शिंप्याच्या हातातल्या टेपची.

आधी माझी ओळख. माझ्या पोटात बारीक पांढरे दाणे आहेत, वरून जाड निळं कापड आणि कोपऱ्यात हवेची तोटी. पेशंट माझ्यावर झोपतो, मशीनवरचे काका पंपाने माझ्यातली हवा ओढून घेतात आणि मी त्याच्या कंबरेच्या, मांड्यांच्या, टाचांच्या आकारात घट्ट होऊन बसते. किरण रोज त्याच जागी पडायचे, तर माणसानेही रोज तसंच पडायला हवं. उपचार संपेपर्यंत मी त्या एकाच माणसाची. मग तोटी उघडतात, मी सैल होते आणि सगळं विसरते.

सध्या मी शिवणवाल्या मावशींची आहे. त्या आणि त्यांचे यजमान मिळून दुकान चालवतात. ते कापड बेततात, त्या शिवतात. यजमानांना सगळे मास्तर म्हणतात.

मावशींना गुदाशयाचा कॅन्सर झाला. तिथे बहुतेकांना होतो तसला नव्हे. कातडीत असतात तसल्या चपट्या पेशींचा, शंभरांत एकालाही होत नाही असा. मोठे सर्जन म्हणाले, गुदाशय काढून टाकू आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावू.

"पिशवी लावून शिवणाच्या मशीनवर बसता येईल का?" मावशींनी विचारलं.

"येईल की. लोक सगळी कामं करतात."

"मग बसेन. पण तिच्याशिवाय जमत असेल तर तसं बघा."

धाकट्या बाईंनी तेच धरून ठेवलं. या दुर्मीळ प्रकाराला किरण आणि औषध एकत्र दिलं तर तो पुष्कळदा विरघळतो, ऑपरेशन लागतच नाही, असं त्या सर्जनांना संशोधनाचे कागद पुढे ठेवून सांगत होत्या. बोलताना त्यांचा चहा निवून गेला.

"पुष्कळदा म्हणजे नेहमी नाही," सर्जन म्हणाले. "किरण संपल्यावर तीन महिन्यांनी मी बोट घालून तपासणार. गाठ लागली, तर ऑपरेशन. तेव्हा मला कागद दाखवायचे नाहीत."

"नाही दाखवणार," बाई म्हणाल्या.

अठ्ठावीस दिवसांचे किरण ठरले, आठवड्यातून पाच दिवस. पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात शिरेतून औषध. माझ्यात मावशींचा साचा घेतला, त्यांच्या ओटीपोटावर आणि दोन्ही कुशींवर शाईने तीन फुल्या काढल्या. भिंतीतून येणाऱ्या लाल रेघा त्या फुल्यांवर बसल्या की माणूस जागेवर आहे असं समजायचं.

पहिल्या दिवशी काकांनी मावशींच्या गळ्याजवळ चार टाचण्या खोचलेल्या पाहिल्या आणि ते दचकलेच. "मावशी, हे दागिने बाहेर ठेवून यायचे. या गादीला एक टाचणी लागली तर तुमचं माप गेलं हवेत."

"सवय हो," मावशी म्हणाल्या. मास्तरांनी टाचण्या आपल्या कॉलरला लावून घेतल्या. त्या दिवसापासून मला मास्तर आवडले.

दोन आठवडे छान गेले. मावशी घोट घोट पाणी पिऊन, लघवी धरून यायच्या. मूत्राशय भरलेलं असलं की आतडं किरणांच्या वाटेतून वर सरकतं. त्या झोपल्या की त्यांची डावी टाच माझ्या खड्ड्यात अशी बसायची, जसा हुक आकड्यात बसतो.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी ती बसली नाही. खड्ड्याच्या काठावरच राहिली. मी काय बोलणार?

मावशी बोलल्या. "काका, आज गादी टोचतेय."

"रेघा फुल्यांवर बरोबर आहेत, मावशी. हलू नका." काका खोटं बोलत नव्हते. रेघा फुल्यांवरच होत्या. किरण देऊन झाले.

मंगळवारी मावशी पुन्हा म्हणाल्या, "टाच बसत नाहीये. दुसऱ्याचा ब्लाउज घातल्यासारखं वाटतंय." बाहेर स्पीकरवर धाकट्या बाईंनी ते ऐकलं. आतली हाडं जागेवर आहेत का ते दाखवणारा फोटो आठवड्यातून एकदाच, गुरुवारी काढायची इथली पद्धत. बाईंनी तो आत्ता काढायला लावला.

कंबरेची हाडं एक सेंटीमीटर खाली होती.

मग मास्तरांना आत बोलावलं. त्यांना आधी कळेचना की चुकलं काय. "रविवारी आंघोळीत फुल्या पुसून गेल्या," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. तीस वर्षं रेघा मारतोय. फाइलवर लिहिलेलं बेंबीपासूनचं माप टेपने घेऊन पुन्हा काढल्या. सुताइतकाही फरक नाही."

"माप घेताना त्या झोपल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"झोपवून कोण माप घेतं? उभ्यानेच घेतात."

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उमगलं. उभ्या माणसाची कातडी खाली ओघळते, झोपल्यावर वर सरकते. फुल्या सरकल्या, आणि त्यांच्या मागे मावशी. मास्तर स्टुलावर बसले.

"माझ्या हातून बेतताना चुकलं," ते म्हणाले. "आता हिचं काय?"

"एकच दिवस गेलाय, आजचा वाचला," बाई म्हणाल्या. किरणांचा हिशेब करणाऱ्यांनीही सांगितलं की गाठीभोवती ठेवलेल्या मोकळ्या जागेत तेवढा फरक सामावतो. पण बाईंचा चेहरा काही सैल झाला नाही.

मावशी मात्र नवऱ्याला म्हणाल्या, "शाळेचे गणवेश आखूड बेतलेत तेव्हा तर शंभर पोरं उघडी पडली होती. हे एकच सेंटीमीटर आहे." काका हसले. शेवटी मास्तरही.

फुल्या झोपवून नव्याने काढल्या. पुढे कातडी भाजली, बसणं अवघड झालं. मास्तरांनी मऊ जुन्या कापडाचे सैल परकर शिवून दिले, शिवण बाहेरच्या बाजूला, आत काही टोचू नये म्हणून. ते पाहून बाकीचे पेशंटही मागू लागले. अठ्ठावीस दिवस पुरे झाले.

त्यानंतर मला सैल करायला हवं होतं. पण बाईंनी माझ्यावर चिठ्ठी लावली, "वापरू नये". त्या सोमवारचा हिशेब पुन्हा तपासायला लागला तर, असं कारण सांगितलं. त्यांना भीती वाटत होती, बाकी काही नाही. गाठ राहिली तर ती त्याच एका सेंटीमीटरात राहिलेली असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. रोज घरी जाताना त्या येऊन माझ्या टाचेच्या खड्ड्यात बोट घालून बघायच्या. काका म्हणायचे, "गाद्या सातच आहेत, डॉक्टर. लोक थांबलेत."

काल तीन महिने झाले. सर्जनांनी तपासलं, दुर्बिणीने पाहिलं, स्कॅन दोनदा बघितला. "एक पांढरा वण आहे फक्त," ते म्हणाले. "ऑपरेशन नको. दर तीन महिन्यांनी येत राहा." मग धाकट्या बाईंकडे वळून, "ते कागद आता द्या. वाचतो."

मावशींनी विचारलं, "म्हणजे उद्यापासून मशीनवर बसू?"

आज सकाळी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. बाहेर बाकावर एक नवा पेशंट थांबलाय. त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकात लिहिलं, की इथून पुढे फोटो रोज काढायचा, आणि पेशंट "बसत नाही" म्हणाला तर आधी मशीन थांबवायचं. मग माझ्यावरची चिठ्ठी काढली. तोटीवर हात ठेवला.

म्हणून ही घाई. हवा आत आली की मावशी, मास्तर, कॉलरच्या टाचण्या, काहीच माझ्याकडे राहणार नाही. मला वाईट वाटत नाही. तुम्ही कधी माझ्यावर झोपलात आणि कुठे काही टोचलं, तर लाजू नका, बोला. मला बोलता येत नाही तिथे.

बाईंनी खड्ड्यात एकदा बोट फिरवलं आणि तोटी उघडली.