खडूची फुली

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या दत्तोबांच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून एक जुना कमानपाटा पडला आहे. तोच मी. कालपर्यंत तात्यारावांच्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकावर माझी नेमणूक होती. काल मला काढलं. म्हातारपणी सुटका झाली म्हणून मी खूश असेन, असं तुम्हाला वाटेल. मी खूश नाही. मला भीती वाटते आहे.

गाडीखाली वाकून बघायची सवय हल्ली कोणाला नसते, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. पोलादाच्या सात वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून आवळल्या की कमानपाटा होतो. चाकाला बसलेला धक्का आपल्या अंगावर घ्यायचा आणि वरच्या माणसांपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. उजव्या चाकावर माझा भाऊ होता. आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच भट्टीतून बाहेर पडलो. आमच्या दोघांच्या मध्ये चाकांचा आडवा दांडा असायचा. आम्ही एकमेकांना कधी दिसलो नाही, पण त्याचं दुखणं दांड्यातून मला लगेच कळायचं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मार्केट यार्डातून कांद्याची पोती उचलायची आणि शहरात टाकायची. गाडी चालवायचा येरवड्याचा समाधान. खड्डा दिसला की तो गाडी अशी हळू घ्यायचा, जणू आम्ही त्याचे नातेवाईकच आहोत. दसऱ्याला हार बॉनेटला मिळायचा आणि आमच्या वाट्याला चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचे शिंतोडे यायचे. तरी आमची तक्रार नव्हती.

मग शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या. खराडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या आणि तात्यारावांनी कांदे सोडून टेबलं, लोखंडी कपाटं आणि बॅटऱ्या वाहायला घेतल्या. गाडी तीच, पाटे तेच, ओझं दुप्पट. येणाऱ्याजाणाऱ्याला तात्याराव अभिमानाने सांगायचे, की आमच्या गाडीचे पाटे अजून मूळचे आहेत. ते ऐकून मलाही बरं वाटायचं. मूर्खच होतो मी.

यंदा जानेवारीत, बॅटऱ्या भरलेल्या असताना, उजवं चाक एका उघड्या चेंबरच्या कडेवर आदळलं. दांड्यातून एक बारीकशी टिचकी मला ऐकू आली. त्या दिवसापासून प्रत्येक वळणावर भाऊ करकरायला लागला.

समाधानने ते ऐकलं आणि गेल्या आठवड्यात गाडी दत्तोबांकडे आणली. दत्तोबा लोणी काळभोरचे, बोलायला कमी, कानाचे तिखट. त्यांनी हातोडीने आधी मला ठोकलं. मी बसलो होतो, म्हणजे माझी कमान सपाट झाली होती आणि गाडी माझ्या बाजूला झुकली होती, पण आवाज खणखणीत दिला. मग त्यांनी भावाला ठोकलं. बाजारात मडकं वाजवून घेताना फुटकं कसं ओळखू येतं, तसा बद्द आवाज आला. दत्तोबांनी खिशातला खडू काढला, भावाच्या वरच्या पट्टीवर पांढरी फुली मारली आणि समाधानला म्हणाले, "ह्यो गेलाय. पासिंग झालं की गाडी हिकडं आण, दोन्ही बदलू. पाटं जोडीनंच बदलायचं असत्यात. तवर घाट चढायचा न्हाई."

समाधानने हे जसंच्या तसं मालकांना सांगितलं. तात्याराव चहा पीत होते. ते म्हणाले, "अहो समाधान, पाटे आहेत का नवरा-नवरी, जोडीनं न्यायला? जो गेलाय तेवढा बदला."

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे. पासिंगला गाडी नवी दिसावी म्हणून तात्यारावांनी तिला रंग द्यायला सांगितलं. रंगारी कामाला चोख होता. त्याने वरून पांढरा मारला आणि खालूनही सगळीकडे काळा मारला. ब्रश भावाच्या अंगावरून फिरला तेव्हा आधी भेग बुजली आणि मग फुली. गाडी चकचकीत झाली. तिचं पासिंगही झालं.

काल समाधान गाडी घेऊन आला, तेव्हा दत्तोबा नव्हते. त्यांचा सख्खा भाऊ आजारी पडला म्हणून ते गावी गेले होते. गॅरेजमध्ये त्यांचा मदतनीस रामदास होता. समाधानने सांगितलं, की दत्तोबांनी फुली मारली आहे, तो पाटा बदल. फुली आहेच, म्हणून बाजू कोणती ते त्याने सांगितलं नाही. रामदासने टॉर्च घेऊन गाडीखाली दोन्हीकडे पाहिलं. फुली कुठेच नव्हती. मग तो मागे जाऊन उभा राहिला आणि गाडी कोणत्या बाजूला झुकली आहे ते त्याने बघितलं. गाडी डावीकडे झुकली होती.

त्याने मला काढलं.

मी ओरडलो असतो, पण पोलादाला तोंड नसतं.

आज रविवार. सकाळी पिकअप पुन्हा गॅरेजसमोर थांबली, चाकांत हवा भरायला. समाधानच्या धाकट्या बहिणीचं, सोनालीचं लग्न आहे. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत ती नोकरी करते आणि तिच्या गल्लीला तिचं भारी कौतुक. सोनाली पांढरी साडी नेसून पुढे बसली होती, शेजारी समाधानची बायको जया. मागे ताडपत्रीखाली गल्लीतली पंधरा-सोळा माणसं गाणी म्हणत होती. कात्रजचा घाट ओलांडून शिरवळच्या विहारात जायचं होतं. पाटा बदलला नसता, तर समाधानने या गाडीत एकही माणूस बसवला नसता. पाटा बदलला आहे, असं त्याला वाटत होतं.

तो खाली उतरला आणि मागे जाऊन क्षणभर उभा राहिला. "रामदास, आता ही उजवीकडे झुकतीय रे."

"नवा पाटा ताठ असतो," रामदास म्हणाला. "बसेल दोन दिवसांत."

समाधानने मान डोलावली. गाडी निघाली. माझ्या जागी बसलेला नवा पाटा डावी बाजू उचलून धरत होता आणि सगळं वजन उजवीकडे सरकलं होतं. भाऊ करकरला. पहिल्याच वळणावर त्याचा आवाज हॉर्नमध्ये बुडाला.

तासाभराने दत्तोबा गावाहून परतले. स्कूटर लावताना त्यांना मी दिसलो. समाधानची गाडी झाली का, असं त्यांनी विचारलं आणि सवयीने हातोडी उचलून माझ्यावर ठोकली.

मी खणखणीत वाजलो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आवाजाची लाज वाटली.

त्यांनी पुन्हा ठोकलं. मग मला उलटं केलं, बोटाने माझी पट्टी न् पट्टी चाचपली. "रामदास," ते हळू म्हणाले, "ह्यो डावा हाय. उजवा कुठाय?"

रामदास म्हणाला, फुली दिसली नाही. दत्तोबांनी माझ्या अंगावरचा काळा रंग नखाने खरवडला आणि नखाकडे बघत राहिले. "गाडी कुठं हाय?"

"लग्नाला गेली. घाटातून."

दत्तोबांनी समाधानला फोन लावला, पण तो लागेना. दत्तोबांनी हातोडी तिथेच टाकली आणि स्कूटरला किक मारली.

मित्रांनो, आम्हाला जपा, टाकून देऊ नका, असं जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात. मी उलटं सांगतो. आमची वेळ झाली की आम्हाला काढा आणि दोघांनाही काढा. रंग मारण्याआधी एकदा खाली वाकून बघा. तिथे कोणीतरी तुमच्यासाठी काही लिहून ठेवलेलं असतं.

आता दुपार झाली आहे. रामदास जेवला नाही. तो रस्त्याच्या कडेला कात्रजकडे तोंड करून उभा आहे. हातोडी माझ्या शेजारीच पडली आहे. इतकी वर्षं भावाला जरा कुठे लागलं, तरी मला दांड्यातून कळायचं. आज मध्ये दांडा नाही, आणि मला काहीच कळत नाही.