गुडघ्याचं माप

दुसऱ्या दिवशी राखीव जमिनीच्या ऑफिसातला माणूस झाडं मोजायला येणार होता. मी सकाळपासून शेतात नुसता फिरत होतो. बसलो की उठत होतो.

इथे आखातात, सीब गावाच्या पुढे, खाडीलगत आमच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, ही जागा आहे. वारा अडवायला लावलेली सुरूची झाडं तो नाताळला घरात सजवायला विकतो. जमीन राखीव, म्हणून दोन अटी आहेत. मूळ उपटायचं नाही, आणि सुरू इथलं झाड नव्हे म्हणून सात फुटांवर वाढू द्यायचं नाही. एक जरी उंच सापडलं तर परवानगी खलास.

पहिल्या वर्षी कापणीला माझी बायको प्रभावती आली होती. शुक्रवारच्या सुट्टीला दार्सैतच्या आपल्या खोलीत एकटी काय करू, म्हणाली. तिचे गुडघे दुखायचे. वाकता येईना, म्हणून तिने एक झाड गुडघ्याएवढं ठेवून वरून कापलं.

मी ओरडलो, "अगं, बुंध्याशी काप. हा खुंट कशाला ठेवलास?"

"मग तुम्हीच वाका. मला नाही जमायचं."

पुढच्या थंडीत त्या खुंटाची खालची एक फांदी वर वळून सरळ उभी राहिली, तिचंच नवं झाड झालं. तेव्हापासून आम्ही सगळी झाडं तशीच कापतो. माझ्याबरोबर चौदा वर्षं काम करणारा जैनुद्दीन त्याला 'भाभी का नाप' म्हणतो.

प्रभावती मे महिन्यात वारली. तिचं ते झाड यंदा साडेसात फूट झालं. मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या एका कुटुंबाने ते पसंतही केलं. मी त्यांच्या नावाची चिठ्ठी काढून शेजारच्या झाडाला बांधली आणि महिनाभर रोज थोडी थोडी वाळू बुंध्याशी ओढत राहिलो. आता मापाची काठी लावली की सात फूट भरायचे.

त्या दुपारी जैनुद्दीन काठी घेऊन आला. त्याने ती बुंध्याशी टेकवली, तर वीतभर आत गेली.

"एकनाथभाई, रेत डालने से पेड़ छोटा होता है क्या?"

"रहने दे ना. एक ही तो है."

"मेरा वीज़ा भी इसी ज़मीन पे है, भाई." तो खाली बसला आणि हाताने वाळू उपसू लागला. "और ये देखो, क्या किया आपने."

वाळूत दबलेल्या फांद्या पिवळ्या पडल्या होत्या. त्याच फांद्यांवर झाड पुन्हा येतं. हे मला पाच वर्षं माहीत होतं. मीही बसलो. सगळी वाळू काढली तेव्हा हिरव्या तीनच उरलेल्या दिसल्या.

करवत आणली. वाटलं, जमिनीलगतच कापावं. पुन्हा वाढायला नको, पुन्हा बघायला नको. तसा वाकलोही. जैनुद्दीन उठला. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून तो नुसता उभा राहिला.

मी करवत गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि कापलं.

झाड बांधलं, त्याची चिठ्ठी त्याला परत लावली आणि पिकअपमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, मोजून गेला.

तीन फांद्यांतली कुठली वर वळेल ते इतक्यात कळायचं नाही. एकही वळणार नाही, असंही होईल. तरी मी रोज सकाळी जाऊन बघतो. चहा तिथेच उभ्याने पितो.