साहेबाचं नाक

शेवटच्या त्या साध्या दिवशीही साहेब तिच्या पिशवीपुढे जाऊन बसला. ताठ, नजर पिशवीवर.

साहेब म्हणजे वडिलांचा कुत्रा. जन्मभर साहेबांचे हुकूम पाळले, एक तरी साहेब आपले पाळू दे, म्हणून हे नाव. दोघांनी अमली पदार्थ पकडायच्या खात्यात नोकरी केली आणि एकाच दिवशी निवृत्त झाले. वास लागला की भुंकायचं नाही, नुसतं बसायचं, ही साहेबाची तालीम. त्या बसण्यापायी कितीतरी लोक खडी फोडायला गेले होते.

पिशवीत होती गांजाच्या तेलाची नवी बाटली. वडिलांची अर्धशिशी कुठल्याच गोळीला दाद देईना, तेव्हा तिने ते तेल आडवाटेने मिळवलं आणि औषधी मुळ्यांचं म्हणून दिलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी डोकं भिंतीवर आपटून घेतलं असतं, पण थेंब घेतला नसता. आता ते जिभेखाली थेंब घेत, थोड्या वेळाने पडदे उघडत आणि शेजाऱ्यांना मुळ्यांचे गुण ऐकवत.

"म्हातारचळ लागलाय याला. नाक गेलं कामातून," ते त्या दिवशीही म्हणाले आणि नेहमीसारखा खिशातला चेंडू काढून त्याच्यापुढे टाकला. तिचा जीव भांड्यात पडला.

पहाटे ते गेले. हृदय, डॉक्टर म्हणाले. डोक्याचा काही संबंध नव्हता.

वडिलांचे नोकरीतले एक जुने जोडीदार भेटायला आले. चहा घेत असतानाच साहेब उठला आणि उशाजवळच्या कपाटापुढे जाऊन बसला. बाटली तिथेच होती.

"म्हातारा झालाय, काका," ती घाईघाईने म्हणाली. "उगाच कुठेही बसतो. बाबा चेंडू देऊन त्याची समजूत काढायचे."

काकांनी कपाटाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"पोरी, चुकीच्या बसण्याला तुझ्या बापाने जन्मात चेंडू दिला नाही. मी एकदा दया येऊन दिला, तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. म्हणायचा, खोट्याला बक्षीस दिलं की कुत्रं बिघडतं."

पुढे काही न विचारता ते उठले. चहात साखर कमी होती, एवढंच जाताना म्हणाले.

साहेब अजून तसाच बसून होता, हक्काच्या गोष्टीची वाट बघत. तिने खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून चेंडू काढला आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसली.

"बाबा, तो गांजा होता," ती मोठ्याने म्हणाली. "याचं नाक शाबूत आहे."