सरदारच्या भुंकण्याची वही

मला कुत्र्याच्या भुंकण्याचा त्रास होतो असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, "लक्ष देऊ नका." आणि दुसरी, "बिचारं मुकं जनावर आहे हो." मुकं! अहो, मुकं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो. एकेका भुंकण्यासरशी माझ्या दाढांतून कळ जाते, छाती धडधडते, हातातलं काम हातातच राहतं आणि समोर जो कोणी असेल त्याच्यावर मी वसकन ओरडतो. मग बायको विचारते, "आता भुंकलं कोण?"

त्यात मी कामाला कानाच्या दवाखान्यात. लोकांना बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, बारीक आवाज सोडायचे आणि "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणायचं. अठरा वर्षं हेच करतोय. आमच्या डॉक्टरांनी माझेही कान तपासले. "कान ठणठणीत आहेत, आवाज सोसण्याची ताकद तेवढी कमी आहे," म्हणाले आणि मेणाचे बोळे दिले. तेव्हापासून इमारतीच्या फाटकापाशी आलो की मी बोळे कानांत घालतो, ते सकाळी रस्त्याला लागल्यावर काढतो. भुंकणं त्यातूनही घुसतंच. माणसांचं बोलणं मात्र बंद होतं, तेवढाच काय तो फायदा.

कुत्रं आमच्या खालच्या मजल्यावरचं. नाव सरदार. अंगाने उशीएवढं आणि आवाज ट्रकच्या हॉर्नचा. मालकीण गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. अख्खी इमारत त्यांना बाई म्हणते. जिन्यात रोज गाठ पडायची. मी म्हणायचो, "बाई, तुमच्या कुत्र्याने माझा जीव नकोसा केलाय." बाई प्रसन्न हसायच्या, ओठ हलवून काहीतरी बोलायच्या आणि मान डोलवून चालू पडायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. काय ही मिजास! दोन वर्षं मी कळवळून सांगतोय आणि ही बाई हसते!

शेवटी सेक्रेटरीकडे गेलो. हा माणूस घरात पाहुणा आला तरी आधी नियमावली उघडून बघणारा. म्हणाला, "तोंडी तक्रार चालत नाही. तीन महिन्यांची लेखी नोंद हवी. वेळ, कालावधी, तीव्रता आणि संभाव्य कारण."

म्हणजे बघा. मला भुंकणं ऐकायचं नव्हतं म्हणून मी तक्रार केली, आणि आता एकही भुंकणं निसटू नये म्हणून बोळे काढून, पेन सरसावून मी खिडकीत! लिहिलं हो, सगळं लिहिलं. "सकाळी ७.१०. चाळीस सेकंद. अतितीव्र. कारण: दारावरची बेल. दार उघडताच बंद." "संध्याकाळी ६.२५. दीड मिनिट. कारण: दूध उतू गेल्याचा वास. गॅस बंद होताच बंद." "रविवार, ११.००. कारण: नळ वाहत राहिला." खाली शेराही मारला, "कुत्रं स्वभावाने लुडबुडं आहे."

तीन महिन्यांत वही भरली आणि माझं वजन उतरलं. सेक्रेटरीने रविवारी इमारतीची सभा लावली. बायकोला म्हटलं, "आपण घर बदलू." तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, "मी इथून हलणार नाही. रविवारच्या सभेनंतर कुत्रं गेलं तर ठीक, नाहीतर तू तुझी खोली शोध." थट्टेत म्हणाली असेल, पण सुरी खाली ठेवली नव्हती. मग मीही ठरवलं, या इमारतीत एक तर सरदार राहील, नाहीतर मी.

आणि गुरुवारी दवाखान्यात, नंबर चौथा, बाई!

"अगबाई, वरच्या मजल्यावरचे ना तुम्ही?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की बाहेरचे पेशंट वळून बघायला लागले. शेजारच्या नर्सला सांगतात कशा, "फार सज्जन माणूस. रोज न चुकता आमच्या सरदारची चौकशी करतात."

मी गारच झालो. दवाखान्यात माझ्या कानांत बोळे नसतात. बाई माझ्या ओठांकडे बघत होत्या ते आत्ता दिसलं. अठरा वर्षं! दारातून चार पावलं आत येणाऱ्या माणसाकडे बघून त्याला किती कमी ऐकू येतं ते सांगणारा मी, आणि दोन वर्षं जिन्यात आम्ही दोघं बहिरे एकमेकांना माना डोलवत होतो.

त्यांना खोलीत बसवलं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा अंगठा बटणावर ठेवून त्या ताठ बसल्या. मी आवाज वाढवत गेलो. अंगठा हलेना. शेवटी त्यांच्या हेडफोनमधला आवाज मला ऐकू यायला लागला, माझ्या दाढा शिवशिवल्या, तेव्हा कुठे बाईंनी खूश होऊन बटण दाबलं.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सेक्रेटरींची नोटीस आलीय. सरदार भुंकतो म्हणे! मी तर एकदाही ऐकलं नाही. उड्या मारतो, माझी बाही ओढतो, बस. मग म्हटलं, आपलंच गणित चुकत असेल तर? चुकलं असेल तर त्याला भावाकडे पाठवून देईन. उगाच हट्ट नाही करणार. तुम्ही तर वरच राहता. खरं सांगा, भुंकतो का?"

मी कागद ओढला आणि लिहिलं, "हो."

बाईंचा चेहरा पडला. कागदाची व्यवस्थित घडी घालून त्या म्हणाल्या, "बरं. रविवारच्या आत पाठवते." पर्स उचलून उठल्या.

जिंकलो होतो मी. नुसतं गप्प बसायचं होतं. पण डोळ्यांपुढे माझीच वही यायला लागली. बेल. दूध. नळ. उद्या दूध उतू गेलं, गॅस विझला, तर हिला कोण सांगणार? मी? बोळे घालून? स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी त्यांच्या हातातून कागद जवळजवळ हिसकावलाच. "बेल वाजली की भुंकतो. नळ वाहत राहिला की भुंकतो. दूध उतू गेलं की भुंकतो. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्याला कळलंय. मला कळलं नाही."

बाईंनी ते दोनदा वाचलं, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

रविवारी सभेत मी तपासणीचा रिपोर्ट ठेवला आणि वही वाचून दाखवली, कुत्र्याच्या बाजूने. सेक्रेटरी गडबडला. "तक्रारदारच बचावाचा साक्षीदार कसा?" नियमावली चाळली, त्यात सापडेना. मग उपसमिती नेमायचं ठरलं, आणि तोवर सरदार इथेच राहील असा ठराव झाला. आमच्याकडे उपसमिती नेमली म्हणजे विषय संपला. घरी येताना बायको म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" पण खोली शोध म्हणाली नाही.

पंधरा दिवसांनी बाईंचं कानाचं मशीन आलं. ते बसवायला मीच त्यांच्या घरी गेलो, बोळे खिशात ठेवून. मशीन चालू केलं, आणि नेमकं कोणीतरी बेल वाजवली. सरदार जिवाच्या आकांताने सुटला.

बाई खुर्चीतच मागे आदळल्या. दोन्ही हात कानांवर, चेहरा पांढराफटक. कसंबसं मशीन उपटून काढलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, हे असं? हे तुम्ही दोन वर्षं सोसलंत?"

डॉक्टर, बायको, सेक्रेटरी, सासुरवाडी, सगळ्यांना सांगून झालं होतं माझं. एकानेही हे विचारलं नव्हतं. भर दिवसा, एका कुत्र्यासमोर, मी रडायच्या बेतात होतो.

"पाठवू का त्याला भावाकडे?" बाईंनी हळूच विचारलं.

मी कागद ओढला आणि लिहिलं, "नको. पण असं अधूनमधून विचारत जा."