दहावी फेरी

ताईंनी पाण्याचा ग्लास समोरच्या बाईपुढे सरकवला आणि हात पटकन मागे घेतला. ताईंनी शिकवलेल्या मुलींपैकीच ती एक.

समितीत तिघे होते: निवृत्त न्यायाधीश, क्लबचे सेक्रेटरी आणि बावीस वर्षं सरांच्या हाताखाली मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवलेल्या ताई. सरांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यानंतर सहा जणींनी लिहून दिलं होतं, सर आतल्या खोलीत त्यांच्याशी काय करत ते. आता हॉलवरचं सरांचं नाव ठेवायचं की काढायचं, हे ठरवायचं होतं. सकाळी निघताना ताई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "माणूस वाईट निघाला, पण कामाचं काय? शून्यातून उभं केलंय सगळं."

"तेव्हा कुणाला सांगितलं होतंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सांगायला गेले होते. रडत गेले, तिथंच चुकलं," बाई म्हणाली. "रडेल तिला मैदानाला दहा फेऱ्या, हा सरांचा नियम. ताईंनी शिट्टी वाजवली."

"काय झालं, असं विचारलं नाही?"

"नाही."

"कोणत्या ताई?"

बाईने क्षणभर खाली पाहिलं. "आता आठवत नाही."

सेक्रेटरींनी घाईघाईने चहा मागवला. ताईंचे कान तापले होते. त्या नियमाचा त्यांना कोण अभिमान! नव्या पालकांना त्या हसत सांगायच्या, आमच्याकडे गळतात ते फक्त बाथरूममधले नळ.

व्हरांड्यात त्यांनी बाईला गाठलं.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही मला नवव्या फेरीला थांबवलंत, ताई. 'पुरे, जा आत' म्हणालात. त्या इमारतीत एका तरी माणसाला माझी दया आली होती, असं मी मनाला सांगत आले. तेवढ्यावर तर तगले."

ताईंना आठवत होतं, चांगलंच आठवत होतं. नववी फेरी संपता संपता सरांनी खिडकीतून हाक मारली होती, 'पाठवा तिला.' सर खोळंबायला नकोत, म्हणून दहावी सोडली होती.

"हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

चहानंतर न्यायाधीशांनी जबाब वाचून दाखवला. "सही करण्याआधी काही दुरुस्ती?"

"आहे," ताई म्हणाल्या. "ती ताई म्हणजे मी. आणि सरांचं नाव काढून टाका."

सेक्रेटरी चष्मा पुसायला लागले.

"मग हेही लिहा," बाई लगबगीनं म्हणाली, "की त्यांनीच मला नवव्या फेरीला थांबवलं. एक फेरी माफ केली."

न्यायाधीशांनी ताईंकडे पाहिलं. "का थांबवलंत?"

बाईच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू होतं. ताईंना ते बघवेना. खाली मान घालून त्यांनी सरांची हाक सांगितली, अगदी शब्दन् शब्द.

न्यायाधीशांचं पेन कागदावर टेकलं, तेव्हा बाईने हात पुढे केला.

"हे तेवढं लिहू नका," ती म्हणाली.