गुडघाभर स्वर्णरेखा

विजयाबाई नावेत चढल्या त्या ठरवूनच चढल्या, की आज सांगून टाकायचं. भोपाळला मी येणार नाही. एवढंसं वाक्य, पण दसऱ्यापासून ते काही केल्या तोंडाबाहेर पडत नव्हतं. सकाळी म्हणावं तर यांची कचेरीची घाई, संध्याकाळी म्हणावं तर निरोपाला आलेली माणसं, आणि मधल्या वेळात म्हणावं तर अंगात इतका शीण की बोलायला सुरुवात करणंच जिवावर यायचं.

आणि शीण काही आजचा नव्हता हो! ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्यभारत झालं, तेव्हा राजधानी कुणाची यावरून भलती ओढाताण झाली आणि शेवटी तोडगा निघाला तो असा, की हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. तोडगा काढणाऱ्यांचं काय जातंय! सरकार म्हणजे काही हवेतून उडत जाणारी वस्तू नाही. सरकार म्हणजे कपाटं, टाइपरायटर, शिपाई, कारकून, आणि कारकुनांच्या बायका. सदाशिवराव सचिवालयात कारकून. तेव्हा वर्षातून दोनदा विजयाबाईंनी संसार बांधायचा, स्पेशल गाडीत चढवायचा, दुसऱ्या गावच्या क्वार्टरमध्ये सोडायचा, आणि चूल जरा कुठे मनासारखी पेटू लागली की पुन्हा सुतळी शोधायची. आठ वर्षं हेच. हवी ती वस्तू नेमकी दुसऱ्या गावी. पुरणयंत्र इंदूरला आणि होळी ग्वाल्हेरला. गौरींचे मुखवटे ग्वाल्हेरला आणि गौरी इंदूरला! एका वर्षी तर बाईंनी दोन तांब्यांवर हळदकुंकवाने डोळे-नाक काढून गौरी बसवल्या होत्या.

आता मध्यभारतच मोडलं. येत्या एक तारखेपासून नवा, भलामोठा मध्यप्रदेश, आणि राजधानी भोपाळ. इंदूरहून आलेल्या ट्रंका यंदा उघडल्यासुद्धा नव्हत्या. दिवाळी तोंडावर आलेली, पण थाटीपूरच्या क्वार्टरमध्ये फराळाचा वास नाही. नुसता गोणपाटाचा.

अशा वेळी सदाशिवरावांना सुचली नावेची सैर.

"ग्वाल्हेर सोडण्याआधी एकदा नदीतून शहर बघू," ते म्हणाले. "फुलबागेपाशी एकजण नाव चालवतो म्हणे. अख्खी नाव आपल्यासाठी सांगून ठेवली आहे. परकं माणूस कुणी नाही."

पंधरा वर्षांची सरोजिनी तर उड्याच मारायला लागली. ती यंदा वक्तृत्वात पहिली आली होती आणि तेव्हापासून घरात साधं पाणी मागायचं तरी सभेत मागावं तसं मागायची. "आई, म्हणजे प्रायव्हेट बोट! राजे-महाराजे जायचे ना, बिलकुल तसं!"

विजयाबाईंनी डब्यात चिवडा भरला आणि मनात म्हटलं, बरंच झालं. नावेतून हे उठून कुठे जाणार? तिथेच सांगीन.

काठावर पोचले तर सदाशिवराव नदीकडे बघतच राहिले.

स्वर्णरेखा होती खरी, पण कशीबशी. दोन्ही काठांना चिखलाच्या रुंद पट्ट्या, मधून हिरवट पाण्याचा एक ओढा, आणि त्यात एक लांबट नाव. कधीकाळी पांढरी असावी. पुढच्या टोकाला लाकडी हंसाची मान होती. हंसाला चोच नव्हती.

"पाणी कुठं गेलं?" सदाशिवराव म्हणाले. "इथे पुरुषभर पाणी असायचं. मी स्वतः पोहलोय."

"कधी?" विजयाबाईंनी विचारलं.

"श्रावणात. भाद्रपदात."

"श्रावणात आपण इथे होतो तरी कधी? आठ श्रावण इंदूरला गेले. तुम्हाला आठवतेय ती लहानपणची नदी."

आपल्याच गावची नदी पावसाळ्यात भरते आणि दिवाळीला आटते, हे माणूस विसरेल का? पण त्यांना बिचाऱ्यांना ग्वाल्हेर म्हणजे थंडी आणि पावसाळा म्हणजे इंदूर, अशीच सवय जडून गेली होती.

तेवढ्यात काठावरून कुणीतरी खाडकन टाचा जुळवल्या. "या साहेब, या बाईसाहेब! उमाजी हाजिर आहे. पाणी भरपूर आहे. दिसत नाही, खाली आहे."

हे उमाजी म्हणजे नावाडी. शिंदे की छावणीत राहणारे, पूर्वी संस्थानच्या घोडदळात होते. फौज विलीन झाली तेव्हा त्यांना घरी बसवलं, आणि दरबारच्या बागेतल्या जुन्या वस्तूंचा लिलाव झाला त्यात त्यांनी ही नाव घेतली. मिशा अजून घोडदळातल्याच होत्या.

"नाव चालवायला कुठे शिकलात?" सरोजिनीने बसता बसता विचारलं.

"शिकायचं काय त्यात, बेटा? जनावर ते जनावर. हिला लगाम नाही एवढीच पंचाईत." आणि उमाजींनी बांबू चिखलात रोवून हाळी दिली, "चल बेटी, चल! हुश्शार!"

नाव हलली. खरंच हलली! सरोजिनीने टाळ्या पिटल्या. विजयाबाईंनी पाय लांब केले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपण बसलो आहोत, मांडीवर काही नाही, आणि कुणी काही मागत नाही. डोळे मिटायला लागले. नाही, नाही, असं नको. सांगायचंय.

"अहो," त्यांनी सुरुवात केली, "मी काय म्हणत होते—"

"उजव्या हाताला किल्ला!" उमाजी गरजले. "बघून घ्या साहेब, असा किल्ला भोपाळला नाही!"

बांबूचा जोर जास्त झाला आणि नाव गर्रकन फिरली. किल्ला गेला पाठीमागे.

"आता डाव्या हाताला," उमाजी शांतपणे म्हणाले.

सरोजिनी खो खो हसत सुटली. सदाशिवरावही हसले. ते हसताना फार दिवसांनी दिसत होते, म्हणून विजयाबाईंनी तोंडापाशी आलेलं वाक्य चिवड्याबरोबर गिळलं.

थोडं पुढे मोतीमहाल दिसायला लागला. सचिवालय तिथेच होतं. फाटकाशी ट्रक उभे, आणि शिपाई दोऱ्या बांधून कपाटं चढवून राहिले होते. एक कपाट उघडंच होतं. त्याचं दार हलकेच हलत होतं.

"हे मोतीमहाल," उमाजींनी हात केला. "इथे सरकार राहतं."

"राहायचं," सदाशिवराव म्हणाले.

"हां, राहायचं. मी आपलं जुनंच सांगून राहिलो." उमाजींनी बांबू उचलला. "आमची फौज पण अशीच गेली साहेब. आधी घोडे गेले, मग माणसं. घोड्यांना रडलो आम्ही. माणसांना कोण रडतंय!"

मग सरोजिनीलाच राहवेना. "बाबा, भोपाळला तर केवढं मोठं तालाब आहे ना! तिथे असली खरी बोट, गहरं पाणी... नवीन शाळेत मी पहिल्याच दिवशी भाषण करीन. एकदम सबको हिला दूंगी!"

"करशील गं," सदाशिवराव म्हणाले. "आणि तुझी आई तिथे क्वार्टर असं लावील की बघत राहावं. आतापर्यंत लावलीच की! हिला सवयच आहे."

सवय. विजयाबाईंना तो शब्द पायाला काटा बोचावा तसा लागला. गणपतीतच त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, की दोन-तीन कचेऱ्या ग्वाल्हेरलाच राहणार आहेत म्हणे, तिथे तुमचं नाव द्या. "बघू" म्हणाले आणि नाव दिलं भोपाळला. का, तर बढती. विचारलं नाही, नंतर सांगितलं. तेही भाजी निवडताना.

"अहो, मला सवय—"

कर्र्र. नाव थांबली. पुलाखाली गाळाचा उंचवटा होता, त्यावर हंसाची मान चढून बसली. उमाजींनी बांबू टेकवून जोर केला, "चल बेटी" म्हटलं, मग जरा वेगळ्या शब्दांत म्हटलं, पण बेटी हलेना.

"अडली," त्यांनी जाहीर केलं. "सगळ्यांनी उतरायला पाहिजे साहेब. हलकी झाली की निघेल. पाणी गुडघाभरच आहे."

"मघाशी भरपूर होतं ना?" सदाशिवराव करवादले, पण धोतर खोचून उतरले. सरोजिनी तर आधीच पाण्यात होती, परकर वर धरून, "अय्या, कित्ती थंड!" करत.

"चल, ऊठ," सदाशिवरावांनी हात पुढे केला. "चिवड्याचा डबा आधी दे, मग पिशवी, मग तू. हळू ये."

आधी डबा, मग पिशवी, मग तू. प्रत्येक स्टेशनावर हेच ऐकलं होतं. विजयाबाईंनी त्या हाताकडे बघितलं. उठायला हवं होतं. गुडघे तयारसुद्धा झाले होते, सवयच ती! पण कमरेपासून वरचं अंग हलेना.

"मी नाही उतरणार."

"अगं, नाव अडलीय."

"अडू दे. तुम्ही ढकला. मी बसते."

"बाईसाहेब, वजन—" उमाजी म्हणाले.

"असू दे वजन! आठ वर्षं ऊठ म्हटलं की उठले. आज नाही उठत." आवाज चढला नव्हता. आवाज चढवायलाही ताकद लागते, ती कुठे होती? "आणि भोपाळलाही मी येत नाही."

झालं. सांगून झालं. पुलावरून एक टांगा खडखडत गेला.

"काय?" सदाशिवराव म्हणाले.

"शिंदे की छावणीत दोन खोल्या आहेत. मी जाऊन बघून आले. उंबरठ्यावर ऊन येतं. तिथे राहीन. मला भिंतीला खिळा ठोकायचाय हो. इतक्या वर्षांत एक खिळा ठोकला नाही, की सोडून जायचंय, भोक कशाला पाडा. देव ट्रंकेत, तसबिरी ट्रंकेत. माझं आयुष्य गोणपाटात गेलं."

"पण लोक काय म्हणतील? नवरा एकीकडे, बायको एकीकडे!"

"पुरणयंत्र एकीकडे नि पुरण एकीकडे, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही."

उमाजी एकदम खोकले. खोकल्याआड हसू होतं, ते कुणाला कळायचं राहिलं नाही. मग ते पाण्यात उतरले आणि नावेच्या मागच्या बाजूला जाऊन चिखल तपासायला लागले, फारच लक्षपूर्वक.

"आणि मी?" सरोजिनीने विचारलं. परकर सुटून पाण्यावर पसरला होता, तिला भान नव्हतं.

"तुझं तू ठरव. मॅट्रिकला बसणार आहेस, भाषणं ठोकतेस. इथे राहिलीस तर एकाच शाळेत वर्ष पुरं होईल. तिकडे गेलीस तर तळं आहे."

वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी, पण तिला एक शब्द सुचेना. आई थकते हे तिला ठाऊक होतं. पण थकलेली आई काही ठरवू शकते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सदाशिवराव गुडघाभर पाण्यात उभे होते. धोतराला चिखल, चष्मा नाकावर घसरलेला. ते रागावतील म्हणून विजयाबाई वाट बघत बसल्या. रागावले तर उत्तर द्यायचंसुद्धा त्राण नव्हतं. नुसतं बसून राहायचं, एवढं येत होतं.

"बढती सोडता येत नाही मला," चष्मा वर सारत ते म्हणाले. "शब्द दिलाय."

"नका सोडू. तुम्ही जा."

"एकटा?"

"सुट्टीला या की. पाहुण्यासारखे नाही, घरी यावं तसे."

ते वळले. विजयाबाईंना वाटलं, चालले काठाकडे. पण ते नावेच्या मागे गेले, उमाजींच्या शेजारी, आणि त्यांनी खांदा लावला. "सरू, तू त्या अंगाला. हां. एक, दोन—"

"हुश्शार!" उमाजी ओरडले.

नाव कुरकुरली, डुगडुगली. गाळ फसफसला. बाई हातात डबा धरून बसल्या होत्या, एकट्या. वजन होतंच, आणि तिघांनी ते ढकललं. तिसऱ्या झटक्याला हंस खाली उतरला आणि नाव पुलापलीकडच्या उन्हात गेली. उमाजींनी कडी धरून तिला थोपवलं.

सदाशिवराव पाण्यातून पाय ओढत पोचले आणि नावेच्या काठाला धरून धापा टाकत उभे राहिले. वर चढायचं त्यांच्या मनात दिसेना. किल्ल्याकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात, उमाजींना ऐकू जाऊ नये असं म्हणाले,

"भाताला पाणी किती घालतात?"

विजयाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तांदूळ नवा की जुना त्यावर आहे."

"भोपाळला कसला मिळतो?"

"मला काय ठाऊक? मी कुठे येतेय!"

"ते खरं," सदाशिवराव म्हणाले. चष्मा पुसायला कोरडं काही सापडेना, म्हणून तसाच ओला चढवला. "मग दोन्ही सांग. लक्षात ठेवतो."

विजयाबाईंनी पाय पुन्हा लांब केले, डबा बाजूला ठेवला आणि सांगायला लागल्या. "जुना असला तर दुप्पट, वर थोडं. आणि आधी धुवायचा हं. तुम्ही तसाच टाकाल..."