काड्यापेटीतला डास

लंकाबाईनं आपल्या अंगणात उघडणाऱ्या, शेजारच्या फुलाबाईच्या मोरीच्या तोंडाशी फावडंभर माती टाकली. दुसरं फावडं भरलं, तोच तापाच्या रुग्णांना बघायला निघालेली आरोग्यसेविका आरती अंगणात आली.

"मावशी, हे काय चाललंय?"

"बुजवून टाकते. हिच्या मोरीतल्या डासांनीच आमच्या मान्साला पाडलंय."

आत तिचा नवरा संपत गुडघे धरून पडला होता. चिकनगुनियाचा ताप उतरला, तरी उठून बसायला त्याला आधार लागत होता. हा माणूस पुन्हा चालेल की नाही, या विचारानं लंकाबाईचा जीव उडून गेला होता. पण रडण्यापेक्षा भांडण तिला सोपं जायचं. फुलाबाईशी तिनं दिवाळीपासून अबोला धरला होता, तोही गल्लीला ऐकू जाईल असा.

तिनं कनवटीची काड्यापेटी काढली. संपतच्या पायावर बसलेला डास सकाळीच मारून पुरावा म्हणून जपला होता.

आरतीनं पिशवीतून तीन मोठे रंगीत फोटो काढून ओट्यावर मांडले.

"यातला कोणता, तुम्हीच सांगा."

"गटारातला कुठला?"

"हा तपकिरी."

"मग ह्योच!" लंकाबाईनं न बघताच बोट ठेवलं.

"आधी पाय बघा की."

तिनं काड्यापेटी फोटोशेजारी धरली. तपकिरी डासाचे पाय साधे होते. दुसरा फोटोही जुळेना. तिसऱ्यातल्या काळ्या डासाच्या पायांत मात्र चांदीचे तोडे घातल्यासारखे पांढरे पट्टे होते. पेटीतल्यालाही होते. तिनं पेटी उजेडात नेली, फुंकर मारून पाहिली; पट्टे काही जाईनात.

"ह्यो कुठं ऱ्हातो?"

"साठवलेल्या स्वच्छ पाण्यात."

दोघींनी अंगणातल्या पाण्याच्या पिंपाकडे पाहिलं. आणे गावात टँकरचं पाणी जपून पुरवावं लागे, आणि लंकाबाईचं पिंप म्हणजे गल्लीत सगळ्यांत स्वच्छ. हात धुतल्याशिवाय ती कुणाला शिवू देत नसे. फक्त झाकण फुटलेलं होतं. आरतीनं बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

लंकाबाईनं काड्यापेटी मिटून ओट्यावर ठेवली.

"म्हंजी म्याच पाळलं व्हय गं?"

"संपतभाऊ चालतील मावशी, वेळ लागेल एवढंच. पण पिंप घासून दिवसभर वाळवा, मग फडकं बांधा. पाणी गाळून भांड्याकुंड्यांना वापरा."

"आन तवर ठिवू कशात? टँकर लई लांब हाय."

आवारभिंतीवर भांडं वाजलं. फुलाबाई दोन रिकामे हंडे ठेवत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"घासल्यालं हायेत," ती म्हणाली.

लंकाबाईनं हंडे घेतले. पाणी गाळून झालं, पिंप उन्हात पालथं पडलं, तसं तिनं पुन्हा फावडं उचललं.

"अगं, आता तरी गप बस की!" संपत आतून कळवळला.

तिनं मोरीच्या तोंडची माती काढून टाकली आणि तिथूनच आपल्या सुकत चाललेल्या लिंबोणीकडे चर खणायला घेतला.

"फुले," मान वर न करता ती म्हणाली, "सोड गं पाणी. लिंबोणीपातुर पोचतंय का बघू."